भरवशाची म्हैस

भरवशाच्या म्हशीला टोणगा ही म्हण ज्या कुणाला प्रथम सुचली, त्याच्या गोठ्यात त्या सकाळी काय घडले असेल ते मला हल्ली चांगले समजते. टोणगा काय, कुणाच्याही म्हशीला होतो. जिच्याकडून कसली अपेक्षाच नव्हती अशा म्हशीला तो झाला असता, तर घरधन्याने एक उसासा टाकला असता आणि तो आपल्या कामाला लागला असता. परंतु भरवसा ठेवला म्हणजे माणूस स्वस्थ बसत नाही. तो पुढचे बेत रचू लागतो. कुणाचे देणे त्यातून फेडायचे असते, कुणाला शब्द दिलेला असतो. मग टोणगा जन्मतो तो नुसता गोठ्यात जन्मत नाही, त्या सगळ्या बेतांच्या मधोमध जन्मतो. म्हैस बापडी रवंथ करीत असते. तिने कुणालाच शब्द दिलेला नसतो.

गेल्या वर्षी अक्षयतृतीयेला आमच्या दारात आलेल्या म्हशीला चार चाके होती. चिखलातून, दगडगोट्यांतून, रस्ता नावाला उरलेला असेल तिथूनही जावी अशा बेताने बांधलेली नवी कोरी गाडी. थोडे पैसे शिक्षकांच्या पतपेढीने दिले, बरेचसे बँकेने. शाळेत बातमी पसरली तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, आता कादंबरी सोडून शिकारीला निघणार की काय?" मी हसले. गाडी कशासाठी घेतली होती ते सांगायला मधली सुट्टी पुरली नसती.

माझे वडील, अण्णा, हिरडस मावळातल्या आमच्या वाडीवर एकटे राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. एकतीस वर्षे त्यांनी एसटी चालवली. १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, ही तारीख त्यांना स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा अधिक पक्की ठाऊक आहे. आई गेल्यावर दादाने त्यांना पुण्याला नेण्याचा आग्रह धरला. अण्णा म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावरून मी पाऊस बघायचा तो कुणाच्या शेतातला?" पण मधल्या काळात त्यांच्या छातीत दुखले, डॉक्टरांनी हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली, आणि दादाचा आग्रह हट्टावर आला. भोरपासून वाडी पस्तीसेक किलोमीटर. शेवटच्या टप्प्यात ओढ्यावर एक फरशी आहे आणि फरशी ओलांडली की अंगावर येणारा चढ. पावसाळ्यात एसटी फाट्यावरूनच परत फिरते.

तेव्हा आमच्यात तह झाला. दादा म्हणाला, "ताई, पावसाळ्यात बोलावल्यावर दीड तासात तू त्यांच्या दारात पोचणार असशील तर राहू देत त्यांना. नाही तर दसऱ्याला मी घेऊन जातो." तो काही कठोर नव्हे. रात्री फोन वाजला की त्याच्याही काळजात चर्र होते. मी शब्द दिला. अण्णांचे घर, त्यांचा ओटा, पहाटेचा त्यांचा डोंगराकडे तोंड करून घेतलेला चहा, हे सारे अशा रीतीने एका गाडीच्या चार चाकांवर येऊन बसले.

अशा गाड्यांचे कूळ मोठे आहे. १९४० साली अमेरिकेच्या सैन्याला हलकी, कुठेही जाणारी गाडी हवी होती, आणि नमुना ४९ दिवसांत हजर करा अशी अट होती. बटलर गावच्या बँटम नावाच्या एका लहानशा कंपनीने तो २३ सप्टेंबरला नेऊन उभा केला. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. युद्धानंतर ही जात आपल्याकडेही रुळली. मामलेदारापासून निवडणुकीच्या उमेदवारापर्यंत सर्वांनी तिच्यातून धूळ उडवली, आणि तिच्या वंशजांनी सातारा-कोल्हापूरकडे वडापचा संसार थाटला. अण्णा सांगतात, त्या जुन्या पेट्रोलच्या जीपला बंद पडल्यावर दोनच प्रश्न विचारायचे: ठिणगी पडते का, आणि पेट्रोल येते का? दोन्हींची उत्तरे पान्याने आणि नाकाने मिळत.

आमची गाडी त्या कुळातली खरी, पण शिकलेली. चारही चाकांना ताकद देणारा जोड तिच्यात आहेच. शिवाय अवघड चढासाठी एक हळू गिअर आहे. तो टाकला की चाके सुमारे अडीचपट हळू फिरतात आणि रेटा त्याच हिशेबाने वाढतो. एवढे आजोबांकडून आलेले. बाकी सारा कारभार सेन्सर आणि संगणक यांच्या हाती. हवा किती दाबाने शिरली, डिझेल किती जावे, पाय किती दाबला, हे सारे तारांतून कुणी तरी कुणाला तरी कळवीत असते. त्यात एखादी बातमी वेडीवाकडी आली तर इंजिन खराब होऊ नये म्हणून संगणक ताकद काढून घेतो. मग गाडी बंद पडत नाही. आजारातून उठलेल्या माणसासारखी भिंत धरून चालते. जिथे सपाटी आहे तिथे हे ठीक. चढावर मात्र भिंत धरून चालता येत नाही.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, फरशीपलीकडच्या चढावर, समोरच्या तक्त्यावर एक पिवळा दिवा लागला आणि गाडीने अंग टाकले. पाऊस कोसळत होता. मागे वळवायला जागा नव्हती. हळू गिअर टाकून, आजोबांच्या पुण्याईवर, मी कशीबशी वाडीत पोचले. अण्णा कंदील घेऊन ओट्यावर उभे होते. म्हणाले, "आवाज ऐकला. चढाला श्वास लागला तिला."

शहरातल्या सर्व्हिस सेंटरमध्ये वातानुकूलित खोली होती, कॉफी होती आणि अतिशय गोड बोलणारा एक तरुण होता. त्याचा पहिला प्रश्न, "मॅडम, सर नाही आले?" सर शाळेत नववीला बीजगणित शिकवीत होते. त्याने यंत्र जोडले, एक कोड निघाला, तो पुसला आणि गाडी परत दिली. दहा दिवसांनी त्याच चढावर तोच दिवा. या वेळी हवेचा दाब मोजणारा सेन्सर बदलला. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेस गाडी पाच दिवस ठेवून घेतली आणि सांगितले, "मॅडम, आमच्याकडे दिवा लागतच नाही." हे खरेच होते. तिथल्या गुळगुळीत फरसबंदीवर तो कशाला लागेल? कोड फार तर कुठल्या वाटेवर गडबड आहे ते सांगतो. गडबड का आहे ते सांगत नाही. मुलाच्या पेपरावर उत्तर चूक असा शेरा मारून शेरा पुसून टाकावा, तसा तो प्रकार होता.

घरी रात्री माझे यजमान मला गणित समजावीत. समजा, गाडीत शंभर भाग आहेत आणि प्रत्येक भाग शंभरात नव्व्याण्णव वेळा चोख काम करतो. एकही भाग बिघडला तर गाडी अडते. मग सारी गाडी शंभरात किती वेळा चोख चालेल? मी म्हटले, नव्वदएक वेळा. उत्तर आहे ३७. नव्व्याण्णव शतांश स्वतःलाच शंभर वेळा गुणत गेले की एवढेच उरते. जर्मनीच्या व्ही-१ या उडत्या बाँबवर काम केलेल्या रॉबर्ट लुसर या अभियंत्याच्या नावाने हा गुणाकाराचा नियम ओळखला जातो. शिवाय यंत्रांच्या बिघाडाचा आलेख न्हाणीच्या टबासारखा असतो म्हणे: सुरुवातीला उंच, मधे बरीच वर्षे सपाट आणि म्हातारपणी पुन्हा उंच. नव्या वस्तूतले जन्मजात दोष पहिल्या काही महिन्यांतच डोके वर काढतात. नवे म्हणजे भरवशाचे, ही आपली समजूत अभियंत्यांनी केव्हाच टाकून दिली आहे. गणित सुरेख होते. पण बाहेर पाऊस पडत असला आणि फोन उशाशी असला, म्हणजे गणिताने झोप लागत नाही.

ऑगस्टमध्ये दादाचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. तेच जास्त लागले. म्हणाला, "ताई, तुझी धडपड मला दिसते. पण त्या गाडीवर अण्णांचा जीव टांगून ठेवायचा का? मी त्यांची खोली रंगवून घेतोय." मला उत्तर सुचले नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, हे मी वाचून ठेवले होते. कागदपत्रांची फाइलही लावली होती. पण आयोगाने उद्या नवी गाडी दिली असती, तरी दसरा काही थांबला नसता.

मी अण्णांना सारे सांगितले. ते गप्प राहिले. मग आत जाऊन त्यांनी एक जुनी वही आणली. चाळीस पानी, वर कापड-दुकानाच्या कॅलेंडरचे वेष्टन. जूनपासूनची माझी प्रत्येक खेप तिच्यात होती. तारीख, पोचण्याची वेळ, पाऊस किती, फरशीवर पाणी होते की नव्हते, दिवा लागला की नाही, कुठे लागला. पाणी त्यांनी फरशीच्या खांबावर मारलेल्या लाल रेघेवरून मोजले होते. रेघ बुडाली की त्या दिवशी कुणीही ओढ्यात उतरायचे नाही, हा त्यांचा कायदा. त्याला डॉक्टर, मुलगी, कुणीच अपवाद नाही.

"डेपोत नवा मेकॅनिक आला की आम्ही त्याला गाडी नाही द्यायचो, गाडीची हकिकत द्यायचो," अण्णा म्हणाले. "बघ आता. नऊ वेळा दिवा लागला. नऊच्या नऊ वेळा फरशीवर पाणी होते. बारा जुलैला ढगफुटीसारखा पाऊस, पण ओढा फरशीखालून वाहत होता, दिवा नाही. म्हणजे वरच्या पाण्याचा दोष नाही, खालून उडणाऱ्या पाण्याचा आहे. आणि परत जाताना तू त्याच पाण्यातून जातेस, तेव्हा लागत नाही. पलीकडे सपाटी आहे. चढाला इंजिन जोर करते, जागेवर थोडे कलते. ओले आणि कलते, दोन्ही एकदम झाले की दुखते तिला. कलल्यावर काय कशाला लागते, ते शोधायला सांग."

मी पानांचे फोटो काढून सर्व्हिस सेंटरला नेले. गोड बोलणाऱ्या तरुणाने ते नम्रपणे बाजूला ठेवले. पण मागे उभा असलेला एक इलेक्ट्रिशियन पुढे आला. हाताला काळे तेल, कानावर पेन्सिल. त्याने नऊही नोंदी वाचल्या आणि विचारले, "बाई, हे कुणी लिहिले?" मग त्याने गाडी लिफ्टवर चढवली, खालून पाण्याचा फवारा मारला, इंजिन चालू ठेवले आणि तारांची वेणी हाताने जरा लोखंडाकडे दाबली. पिवळा दिवा लागला. त्याला इतका आनंद झाला की मलाही क्षणभर झाला. एका क्लिपाशी वेणी घासून तारेचे आवरण सोलवटले होते. कोरडी असताना काही नाही. भिजून लोखंडाला टेकली की सेन्सरची बातमी बिघडायची. तार जोडणे, नवे वेष्टन घालणे आणि क्लिप दोन बोटे सरकवणे, या कामाला पाऊण तास लागला. त्यासाठी पावसाळ्याचे तीन महिने गेले होते.

दसऱ्याला दादा आला. सोने दिले, जेवला, आणि अण्णांना नेण्याचा विषय त्याने काढला नाही. जेवणानंतर मात्र तो वही घेऊन बराच वेळ ओट्यावर बसला होता. जाताना म्हणाला, "खोली रंगवलीच आहे. उन्हाळ्यात येत जा, अण्णा." अण्णा म्हणाले, "येईन की. आंबे संपल्यावर."

यंदाचा पावसाळा पुरता गेला. बावीस खेपा झाल्या, दोनदा रेघ बुडाली म्हणून मी फाट्यावरूनच परतले. दिवा एकदाही लागला नाही. तरी आता गाडीवर माझा भरवसा बसला आहे असे मी म्हणणार नाही. तिच्यात शंभर भाग आहेत आणि गुणाकाराचा नियम काही आमच्यासाठी बदललेला नाही. दादा आणि मी मिळून फाट्यावरच्या दोन घरांशी बोलून ठेवले आहे. रेघ बुडाली तर अण्णांच्या औषधांचा दुसरा डबा अलीकडे असतो आणि त्या घरातली मुले डोंगराच्या वाटेने चालत जाऊ शकतात. तहात आता गाडी एकटी नाही.

वही मात्र चालूच आहे. परवा दिवाळीची साफसफाई करायला गेले तेव्हा सहज उघडली. गाडीच्या रकान्यात खाली खाली नुसते "ठीक, ठीक" असे लिहिलेले. शेजारी अण्णांनी एक नवा रकाना आखला आहे, चालकाचा. ताजी नोंद अशी होती: "संध्याकाळी खड्डा उशिरा दिसतो. चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगणे."