अरुंद आळीचें झाड

बुलढाणे जिल्ह्यांतील मेहकर तालुक्यांत जानेफळ हें गांव आहे. पैनगंगेच्या कांठचें मेहकर सोडून वैशाखांत इकडे येणाऱ्या पाहुण्यास सांवलीची किंमत निराळी सांगावी लागत नाहीं. मोकळ्या जागीं वड, पिंपळ व कडुनिंब आपलें काम चोख करितात. परंतु वऱ्हाडांतील अशा जुन्या गांवांच्या आळींत शिरलें, कीं सांवली काय ती भिंतीची! सूर्य माथ्यावर आला म्हणजे तीहि नाहींशी होते.

आळींत झाड टिकत कां नाहीं? कोणी श्रद्धेनें पिंपळ वाढवितो. त्याचीं मुळें भिंतींत शिरतात. कोणी हौसेनें गुलमोहोर लावितो. मूळचा मादागास्करचा हा पाहुणा ऐसपैस पसरतो आणि त्याच्या ठिसूळ फांद्या वादळांत मोडतात. मग विजेच्या तारांचें निमित्त होऊन कुऱ्हाड येते व दोष झाडाच्या माथीं बसतो. वास्तविक दोष निवडीचा असतो.

युरोप-अमेरिकेंत अरुंद रस्त्यांसाठीं मॅपल वृक्षाच्या आटोपशीर व उभट वाढणाऱ्या जाती मुद्दाम निवडून लावितात. कानडाच्या निशाणावर १९६५ पासून ज्याचें पान आहे, तोच हा वृक्ष. हिमालयांत त्याचे भाऊबंद आढळतात. पण थंडीचा हा सोयरा वऱ्हाडच्या उन्हांत नांदावयाचा नाहीं. झाड त्यांचें नको, विचार मात्र घ्यावा.

त्या विचारानें पाहतां, पाण्याची सोय असेल तेथें आम्ही बकुळ सुचवूं. ती सावकाश वाढते, बारमाही हिरवी राहते, माथा गोल व दाट धरिते. पाण्याची ओढ असेल तेथें मात्र आपटा. कोरड्या रानांतलें हें काटक झाड सामान्यतः १५-२० फुटांच्या आसपास राहतें. उन्हाळ्याच्या तोंडीं त्याचीं पानें गळतात, ही उणीव खरी; पण तें थोडक्यांत निभावतें. दोहोंसहि पहिलीं दोनतीन वर्षें पाणी आणि शेळ्यांपासून कुंपण हवें. हें काम घरांतील मुलांकडे सोंपविण्याजोगें आहे.

दसऱ्यास सोनें म्हणून आपण आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडून आणितों आणि रानांतील झाडें बोडकीं करितों. वडील मंडळींनीं येत्या मृगांत दारापुढें एक आपटा लावावा. पुढें शिलंगणाच्या सायंकाळीं नातवंडांनीं त्याचीं चार पानें हलकेंच खुडून आजोबांच्या हातीं द्यावीं. फांदीस धक्का लावूं नये.