काटा आणि हिसका

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं सामान आणायला डेव्हन ॲव्हेन्यूवर जायचं, हा आमच्या कार्यकारिणीचा दरवर्षीचा रिवाज. पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान १९७४ साली याच रस्त्यावर निघालं, आणि आता आपल्या उपनगरांतही तीळ-गूळ मिळत असला तरी दोनशे माणसांची खरेदी म्हटली की पावलं डेव्हनकडेच वळतात. शनिवारी वेस्टर्न ॲव्हेन्यू ओलांडली की गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते. गाडीचं दुखणं न्याहाळायला तेवढाच निवांत वेळ!

यंदा गाडी मंडळातल्या एका स्नेह्यांची होती. ऑटोमॅटिक, पण वयानं झालेली. जरा वेग घेतला की असा हिसका द्यायची की मागे ठेवलेल्या गुळाच्या ढेपा पुढे यायच्या. "ट्रान्समिशन गेलंय म्हणे," वहिनी म्हणाल्या. एका गॅरेजनं नुसती चक्कर मारून तीन हजार डॉलर सांगितले होते. घरात गाडी एकच, वहिनींचं बाळंतपण मार्चमध्ये, आणि बाजूला काढलेले पैसे त्यांच्या आईच्या तिकिटाचे.

मी हिशेब केला तो एवढाच : हिसका बसतो तेव्हा आणखी काय होतं? स्पीडोमीटरचा काटा चालत्या गाडीत धाडकन शून्यावर येत होता, आणि हिसका बरोबर त्याच वेळी. ट्रान्समिशनमधले क्लच झिजले तर इंजिन ओरडतं आणि गाडी वेग घेत नाही. पण झिजलेला क्लच काटा पाडत नाही. काटा आणि गिअर दोघांना एकदमच चुकीची बातमी मिळत असेल, तर बातमी देणाऱ्याकडे जायला हवं.

बातमी देणारा म्हणजे वेगाचा सेन्सर. बहुतेक जुन्या गाड्यांत तो ट्रान्समिशनवरच असतो. आतली दातेरी चकती फिरली की तो विजेची स्पंदनं पाठवतो. पेडल किती दाबलंय आणि गाडी किती वेगात आहे, मुख्यतः या दोन गोष्टींवरून कॉम्प्युटर गिअर बदलतो. वेग शून्य कळला की तो गोंधळतो, क्रूझ कंट्रोलही बंद पडतो. (अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत वेग चाकांवरच्या एबीएस सेन्सरांवरून घेतात, तिथे हा भाग शोधत बसू नका.)

१९९६ सालापासून अमेरिकेत विकलेल्या मोटारींत डॅशबोर्डखाली कोड वाचायचं सॉकेट असतं. कोड निघाला पी ०५००. इथेच पुष्कळजण नवा सेन्सर विकत घेतात. पण कोड म्हणतो एवढंच की वेगाचा सिग्नल नीट येत नाही. दोष सेन्सरचा, वायरचा की कनेक्टरचा, हे तो सांगत नाही. आमच्या प्रयोगशाळेत यंत्र शून्य दाखवू लागलं तर आधी केबल हलवून बघतात.

दोन तारांचा सेन्सर बहुधा गुंडाळीचा असतो. त्याचा रोध मल्टीमीटरनं मोजून त्या मॉडेलच्या दुरुस्तीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडावा. चाक फिरवल्यावर त्यातून थोडा एसी व्होल्टेजही मिळायला हवा. तीन तारांचा बहुधा हॉल सेन्सर. त्याचा रोध मोजण्यात अर्थ नाही; वीज पोचते का, अर्थिंग धड आहे का आणि सिग्नलच्या तारेवर स्पंदनं येतात का, ते पाहावं. गाडी मात्र पक्क्या स्टँडवर हवी, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नये.

या गाडीचा सेन्सर ठणठणीत निघाला. कनेक्टर उघडला तर आत हिरवी भुकटी. शिकागोच्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ पडतं. ते पाणी आत शिरलं, ओल आणि क्लोराइडनं तांबं पोखरलं, आणि एक पिन जेमतेम टेकून राहिली होती. खड्डा आला की सिग्नल तुटायचा. नवा कनेक्टर जोडला, कोड पुसला, वीस मैल फिरवून पाहिली. खर्च अडतीस डॉलर. आईंचं तिकीट काढून झालं आहे.

कोड वाचायचं यंत्र आणि मल्टीमीटर माझ्या डिकीत असतात. कुणाला हवे असतील तर रविवारी मराठी शाळा सुटल्यावर पार्किंग लॉटमध्ये भेटा. बर्फ पडत असेल तर पुढच्या रविवारी.