ऱ्हस्व दांडा

'दिन' आणि 'दीन' यांत केवढे अंतर आहे हे वर्गात सांगता सांगता माझी वीस वर्षे गेली. पण मोटारीच्या गिअरलाही ऱ्हस्व-दीर्घ असते, हे मला कळले ते परभणी जिल्ह्यातल्या चुडाव्याला!

तेथे माझे मामेभाऊ अण्णा राहतात. उभा जन्म बोटीवर काढून ते गावी परतले, आणि १९६५ सालच्या एका 'एम्. जी. बी.' या विलायती स्पोर्ट्स मोटारीवर त्यांचा जीव जडला. (चुडाव्याच्या रस्त्यावर ती चालणार कशी, हे वहिनींनी विचारून झाले होते.) विकणारा म्हणे, सारे कारखान्यातून निघाले तस्सेच आहे. किंमतही त्याच तोऱ्यात! पण गिअर टाकताना अण्णांचा आखडलेला डावा खांदा ठणकू लागला.

पूर्णेहून एक म्हातारे मिस्त्री आले. म्हणाले, "साहेब, दांडा आखूड दिसला म्हणून किट बसवलं असं नसतं. कोणी वरून करवतीनं कापलाही असेल."

कापलेल्या दांड्याची मूठ खाली येते. 'शॉर्ट शिफ्ट किट'ची खरी करामत मात्र टेकूपाशी, डोळ्याआड असते. समजा, टेकूच्या वर दांडा ९ इंच आणि खाली दीड इंच आहे. खालचे टोक इंचभर सरकवायला मुठीला ६ इंच फिरावे लागते. खालचा भाग २ इंच केला, की साडेचारांत काम होते. पण ही शाळेतलीच तरफ! अंतर वाचले, तरी जोर एक-तृतीयांशाने वाढला. शर्यतवाल्या पोराला त्यात मौज वाटेल. अण्णांच्या खांद्याला कशी वाटावी? शिवाय जोराने, घाईने गिअर रेटले, की सिंक्रोमेशची कडी झिजतात. या गाडीच्या पहिल्या गिअरला तर तेही नाही.

मिस्त्रींनी पट्टी धरून मुठीचा प्रवास मोजला, रबरी टोपण वर केले आणि दांडा उपसला. टेकू उचलून धरणारे एक चकचकीत कडे खाली बसलेले! साठ वर्षांच्या गाडीत तेवढेच काय ते तरुण होते.

अण्णा रागावले नाहीत. विकणाऱ्याला एवढेच म्हणाले, "मूळ दांडा असेल तर द्या, आणि किमतीचं पुन्हा बोलू."

तिसऱ्या दिवशी गोणपाटात गुंडाळलेला दांडा आला. किंमतही उतरली. आता अण्णा पूर्णेपर्यंत गाडी नेऊन आणतात, आणि खांद्याबद्दल अवाक्षर काढीत नाहीत. आखूड दांडा वहिनींनी माळ्यावर टाकला आहे.