मांडवीतली काचेची जमीन

आपल्या वडोदऱ्यातल्या बहुतेक मराठी घरांतून कधी ना कधी जुन्या वस्तूंची पाठवणी झालेली आहे. पितळी भांडी मोडीत गेली आणि स्टील आलं. सागवानी कपाट गेलं आणि सनमायका आला. आता आमची पिढी तशीच पितळी घागर महागात विकत आणते, हॉलमध्ये ठेवते आणि तिचा फोटो काढते. पाणी मात्र आरओचंच पिते. आपलं जुन्यावरचं प्रेम वाढलंय, की जुनं कामाचं राहिलं नाही म्हणून ते शोभेचं झालंय?

हा प्रश्न पडत असेल तर एकदा मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन या. न्यायमंदिराकडून लहेरीपुरा दरवाज्यातून आत शिरायचं आणि बाजाराच्या गर्दीतून चालत राहायचं. गाडी नेऊ नका, पार्किंग शोधण्यातच दम निघतो.

या लायब्ररीत बघण्यासारखी गोष्ट म्हणजे पुस्तकांच्या रॅकची रचना. लोखंडी रॅक मजल्यांवर मजले चढवून उभे केलेत आणि मधल्या मजल्यांची जमीन जाड काचेची आहे. वरचा उजेड झिरपत खालच्या पुस्तकांपर्यंत पोचावा म्हणून ही योजना. पुस्तकांमध्ये दिवा-कंदील नेणं धोक्याचं, म्हणून उजेडालाच आत यायची वाट करून दिली. आमची आत्या लहानपणी या काचेवर पाय ठेवायला घाबरायची. मला तिथे पहिल्यांदा वाटलं ते एवढंच, की ज्याने हे आखलं त्याने वापरणाऱ्याचा विचार आधी केला होता. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात यावर तासन् तास मीटिंगा होतात.

सयाजीराव महाराजांनी (कारकीर्द १८७५ ते १९३९) १९०६ साली अमेरिकेत तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली. मग १९१० साली विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला त्यांनी बडोद्याला बोलावून घेतलं. बॉर्डन इथे तीनेक वर्षं राहिले. त्यांनी पुस्तकांच्या वर्गीकरणाची पद्धत बसवली आणि ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणाचे वर्ग सुरू केले. गावोगावी पुस्तकांच्या लाकडी पेट्या जायच्या. एका गावात वाचून झाली की पेटी परत यायची आणि दुसरी जायची. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे त्रैमासिक निघू लागलं, तेही इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत.

म्हणजे ज्याला आपण आज हेरिटेज म्हणतो, ते त्या काळी अगदी नवंकोरं होतं. महाराजांनी ते जुन्याच्या ओढीने उभारलं नाही. लोकांनी वाचावं म्हणून त्या वेळी जे उत्तम मिळत होतं ते आणलं. इमारत टिकली याचा अभिमान आपण जरूर बाळगावा, पण तिथलं मराठी पुस्तक शेवटचं कधी घरी आणलं, हेही एकदा आठवून बघावं.

हा प्रश्न आमच्या घरात नुकताच दारापर्यंत आला. दांडिया बाजारातलं आजोबांचं घर रिकामं करायचं होतं. पितळ्याची वाटणी पाच मिनिटांत झाली, झोपाळ्यावर तर दोघांनी हक्क सांगितला. मराठी पुस्तकांच्या चार ट्रंका मात्र कोणालाच नको होत्या. ‘स्कॅन करून ठेवू’ असं कोणीतरी ग्रुपवर लिहिलं, त्यावर पाच अंगठे आले. स्कॅन करणं अवघड नाही, ते मी एका महिन्यात करून देईन. पण ती फाईल उघडून वाचणार कोण?

माझी भाची दहा वर्षांची आहे. घरात अस्खलित मराठी बोलते. शाळेत हिंदी असल्याने अक्षरं ओळखीची आहेत, तरी मराठी वाचताना ‘ळ’ आला की थबकते. ‘चार’ मधला आणि ‘चाक’ मधला च वेगळा, हे ती रोज बोलते, पण छापलेलं वाचताना दोन्ही सारखेच उच्चारते. हे फक्त ऐकत ऐकत वाचूनच सुधारतं. मोठ्याने वाचायचं आणि शेजारी कोणीतरी बसायचं.

शेवटी आम्ही एक ट्रंक ठेवली. ज्यातलं निदान एक पान कोणीतरी वाचून दाखवायला तयार झालं, ती पुस्तकं तिच्यात गेली. बाकीची वाचणाऱ्या ओळखीच्यांना दिली. आता रविवारी नाश्त्यानंतर एक पान भाची वाचते, एक मी आणि एक आई. पोह्यांचा हात पुसूनच पुस्तकाला लावायचा, हा आईचा नियम.

तुमच्याकडेही अशी ट्रंक असेल तर घागरीशेजारी सजवू नका, उघडा. ट्रंक नसेल तर मुलांना घेऊन मांडवीला जा. काचेची जमीन दाखवा, आणि येताना एक मराठी पुस्तक त्यांच्या हातात असू द्या.