जमिनीखाली उतार असतो!

विहिरीतलं पाणी चालत असतं. खरंच चालत असतं! आपण कठड्यावरून वाकून बघतो तेव्हा ते खाली गप्प पडलेलं दिसतं. झऱ्यातून आलं, साठलं, मोटार लावली, संपलं, एवढाच त्याचा संसार असं आपण धरून चालतो. मुळीच नाही! एका अंगानं ते विहिरीत येतं आणि दुसऱ्या अंगानं निघूनही जातं, पुढच्या मळ्याकडे, पुढच्या विहिरीकडे, शेवटी ओढ्याकडे. आणि ते कुठल्या दिशेला निघालंय हे तीन विहिरी, एक टेप आणि शाळेच्या कंपासमधली पट्टी एवढ्यावर काढता येतं. हे मला आजवर कुणी कसं सांगितलं नाही? आता मी भेटेल त्याला धरून सांगत सुटले आहे. घरची मंडळी पाण्याचं नाव निघालं की उठून जातात.

माझी मैत्रीण भूजलाचं काम करते. एका एमआयडीसीच्या कुंपणाला लागून असलेल्या वस्त्यांवर खाजगी विहिरींचे नमुने घ्यायचे होते, पेटी धरायला म्हणून मी गेले. (गावाचं नाव लिहीत नाही. अहवाल आधी विहीरमालकांच्या हातात पडू दे.) नळयोजनेचं पाणी सरकार तपासतं. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना तपासणीचं किट वापरायलाही शिकवतात. मळ्यातली घरची विहीर मात्र मालकानं तपासून घेतली तर घेतली, नाही तर पिढ्यान्‌पिढ्या जिभेवर विश्वास.

मला वाटलं होतं, बाटली बुडवायची, झाकण लावायचं, पुढची विहीर. पण हिनं बाटल्यांना हातच लावला नाही! आधी पोलादी टेपच्या टोकाला चांगला हातभर निळा खडू फासला, कठड्यावर रंगानं एक खूण केली आणि टेप आत सोडला. वर काढला तेव्हा भिजलेला खडू गडद झालेला, कोरडा फिका, आणि मधली रेघ इतकी स्वच्छ की सेंटिमीटरचा आकडा वाचता यावा. खुणेशी आलेल्या आकड्यातून भिजलेला भाग वजा केला की कठड्यापासून पाणी किती खोल ते मिळालं. खडूनं! कठड्याची उंची मात्र लेव्हल लावून घ्यावी लागते, कारण मोबाइलचं जीपीएस उंची सांगताना मीटरच्या मीटर चुकतं आणि इथे सगळा खेळ अर्ध्या-पाऊण मीटरचा.

आता ती गंमत. समजा तीन विहिरींतलं पाणी समुद्रसपाटीपासून 552, 550 आणि 546 मीटरवर आहे. नकाशावर 552 आणि 546 यांना जोडणारी रेघ मारा. तिच्यावर 550 कुठे येईल? वरच्या विहिरीपासून एक तृतीयांश अंतरावर. तो बिंदू 550 च्या विहिरीला जोडा. ही झाली सारख्या पातळीची रेघ. तिला काटकोनात, खालच्या पातळीकडे बाण काढा. पाणी साधारण तिकडे चाललंय! मी बांधावर बसून तो बाण काढला आणि अक्षरशः ओरडले. आठवीतली भूमिती डोळ्यांना न दिसणारी गोष्ट दाखवत होती.

आणि या बाणाशिवाय बाटलीला काही अर्थच नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात कॅम्प लेज्यून नावाचा मरीन सैनिकांचा मोठा तळ आहे. तिथल्या पिण्याच्या पाण्यात वर्षानुवर्षं विषारी द्रावकं उतरत होती, 1980 च्या दशकात ते उघडकीला आलं. तळावरची घाण होतीच, पण तिथल्या एका वसाहतीच्या विहिरींत द्रावक आलं होतं ते तळाबाहेरच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानातून! नुसत्या बाटलीवरून हे कुणाला कळलं असतं?

मग निघाला मीटर. पेनाएवढं यंत्र, पाण्यात धरलं की त्यातून वीज किती सहज जाते ते सांगतं. क्षार जितके जास्त, तितका आकडा मोठा. कारखान्यांच्या वरच्या अंगाच्या विहिरीत आकडा सातशेच्या आतबाहेर. बाणाच्या दिशेनं उतरत गेलो तसा तो चढत गेला आणि ओढ्याजवळच्या विहिरीत थेट तिपटीच्या वर. तिथल्या आजी आमच्याकडे बघून म्हणाल्या, “त्यात काय बघायचं? मचूळ हाय पाणी. तुरीची डाळ शिजंना, डोक्याला साबण लागंना. पोरी, चहासुदिक फाटतोय यात.” मैत्रिणीनं मीटरचा आकडा ज्या गंभीरपणे वहीत लिहिला, त्याच गंभीरपणे आजींचं बोलणंही लिहून घेतलं. मला ते फार आवडलं.

मी लगेच कारखान्यांकडे बोट दाखवून मोकळी! ती म्हणाली, थांब. बारमाही उसाचं पाणी आणि खतं यांनीही विहीर खारावते, गोठ्याच्या उकिरड्यानंही बिघडते. पाण्यात नायट्रेट जास्त निघालं (भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम) तर आधी शेत आणि शेणखत आठवायचं. क्रोमियम, शिसं, द्रावकं निघाली तर गोष्ट वेगळी. त्यातून आपला दख्खनचा खडक महा-इरसाल. मुरूम, मांजऱ्या, मग काळा पाषाण असे थर, आणि पाणी धावणार भेगाभेगांतून. मध्येच उभी काळी भिंत, डाइक, आडवी आली तर अलीकडची विहीर बाधलेली आणि हाकेच्या अंतरावरची पलीकडची गोड! पट्टीनं काढलेला बाण अशा ठिकाणी फसू शकतो, म्हणून विहिरी तीनवर न थांबता वाढवत न्यायच्या.

आणि आता बाटल्या, ज्यांच्यावर मी खरं तर स्वतंत्र लेख लिहायला हवा. बोअरचं पाणी पहिल्या धारेचं घ्यायचंच नाही. पाइपात उभं राहिलेलं पाणी म्हणजे जमिनीतलं पाणी नव्हे. मोटार चालू ठेवून बादलीत मीटर धरायचा, आकडे लागोपाठ स्थिर आले की मगच बाटली. धातूंसाठीचा नमुना गाळून त्यात नायट्रिक आम्लाचे थेंब, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीलाच चिकटून बसतात. द्रावकांसाठी काचेची बोटभर कुपी. ती काठोकाठ भरायची, इतकी की तोंडाशी पाण्याचा फुगवटा उभा राहतो, सांडता सांडत नाही. त्यावर अलगद झाकण, घट्ट पीळ, कुपी उलटी, टिचकी. बुडबुडा दिसला की नमुना बाद, कारण द्रावक पाण्यातून निसटून त्या हवेत जाऊन बसतं. बुडबुड्याशिवायची पहिली कुपी जमली तेव्हा मी ती उन्हात धरून आजींना दाखवली. “काहीच नाही की यात,” त्या म्हणाल्या. तेच तर!

पेटीत एक कुपी अशी होती जी कुणी उघडलीच नाही. प्रयोगशाळेतून शुद्ध पाणी भरून आलेली, आमच्याबरोबर बर्फात बसून गावभर हिंडलेली, तशीच परत गेलेली. तिच्यात काही सापडलं तर समजायचं की घाण विहिरीतली नाही, प्रवासातली आहे. शिवाय एका विहिरीचं पाणी दोन वेगळ्या नावांनी पाठवलं, प्रयोगशाळेचीच परीक्षा घ्यायला. इतका संशयी, इतका प्रामाणिक धंदा मी पाहिला नव्हता.

अशा तपासणीचे कागद कोर्टात टिकतात, हेही मला नवीनच. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिच्छडीत रंगांसाठी लागणाऱ्या एच-ॲसिडचा गाळ उघड्यावर टाकला गेला, तो पावसानं मुरला आणि विहिरींचं पाणी गडद तांबूस-काळं झालं. सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून पाहणी केली आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेनं. माती आणि पाणी निस्तरायला तिनं सुमारे 37 कोटींचा अंदाज दिला, आणि 1996 च्या निकालात न्यायालयानं ठरवलं की ज्यानं घाण केली त्यानंच ती निस्तरायची.

पण मला झोप लागू न देणारा प्रश्न विचारला तो एका विहीरमालक आजोबांनी. मी मोठ्या तोऱ्यात त्यांना बाण दाखवला. त्यांनी नकाशा फिरवून बघितला आणि म्हणाले, “ताई, हे मोटारी बंद असतानाचं झालं. आमच्याकडं आठवडाभर दिवसाची लाइट, आठवडाभर रात्रीची. थ्री-फेज आली की वस्तीवरच्या सगळ्या मोटारी एकदम ओढतात. तवा पाणी कुठं जातं?”

मैत्रीण हसायलाच लागली. बरोब्बर! उपसा सुरू झाला की विहिरीभोवतीची पातळी खचते आणि आजूबाजूचं पाणी तिकडे वळतं. म्हणजे दिवसा ओढ्याकडे जाणारा बाण रात्री आजोबांच्या विहिरीकडेही फिरत असेल. म्हणून पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा मोजायचं, आणि इथे तर लाइटच्या वेळापत्रकाप्रमाणेही. पुढच्या आठवड्यात वस्तीला रात्रीची पाळी आहे. आजोबांनी शेजारच्यांना सांगून ठेवलंय, मी टॉर्चचे सेल आणि खडूचा नवा डबा आणून ठेवलाय.