इतिहासाच्या बाई आणि डालेक

आज 'डॉक्टर हू' या ब्रिटिश टीव्ही मालिकेतली डालेकांच्या स्वारीची कथा पाहिली. १९६४ची, सहा भागांची. परग्रहावरच्या या शत्रूंनी बाविसाव्या शतकातलं लंडन काबीज केलंय. टेम्स नदीतून एक डालेक वर येतो. दुसरं महायुद्ध संपून तेव्हा १९ वर्षंच झाली होती. बघणाऱ्यांच्या पोटात किती कालवलं असेल! पृथ्वीचा गाभा काढून तिचं यान करायचं, ही डालेकांची कल्पना अचाट. विज्ञान कच्चं, पण असू दे.

माझं मन बार्बरापाशी रेंगाळतं. कालप्रवासी, पेशानं इतिहासाची शिक्षिका. डालेकांपुढे उभी राहून ती खोट्या बंडाचा बेत रचून सांगते, त्यात प्राचीन सेनापती हॅनिबल येतो, चक्क १८५७ही येतं! डालेक खरं मानतात. भूतकाळ ठाऊक असणं हेच तिचं शस्त्र. कालयंत्राहूनही मला तेच जास्त भावलं.