चाळणीतून उरलेले शेअर

अकोल्याच्या जुन्या शहरात कापूस-सरकीचे भाव गप्पांत असायचेच. आता मोर्णेकाठच्या एखाद्या ओसरीवर मोबाईलमध्ये शेअर चाळायचं सूत्रही लिहिलं जातं: बंद भाव २० दिवसांच्या सरासरीच्या वर, उलाढाल नेहमीच्या दुप्पट, आरएसआय ६० च्या पुढे.

हजारो शेअरांतून मोजकेच उरतात.

मन लगेच चौथी अट जोडू पाहतं. जोडावी का? अटी वाढल्या की मागचा चार्ट देखणा दिसतो, उद्याचा नाही. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडलेला आरएसआय भावाच्या झालेल्या हालचालीचा जोर मोजतो. पुढचं त्यालाही ठाऊक नसतं. मग चाळणी कशाला? बहुधा हाव आवरायला.

सेबीच्या अभ्यासानुसार, २०२२-२३ मध्ये शेअरच्या रोख व्यवहारांत इंट्राडे, म्हणजे एकाच दिवसात खरेदी-विक्री, करणाऱ्या दर १० पैकी ७ जणांना तोटा झाला.